कोरल्यावर उघडा पडणारा गाभा

दारावरची सागवानी पाटी पुष्कळदा फक्त वरून सागवानी असते. बाहेर सागाचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा व्हिनिअर, आत प्लायवूड नाहीतर एमडीएफ. सपाट फळीत हे खपून जाते. नाव कोरायला घेतले, की पटाशी पहिल्याच घावात तो पापुद्रा भेदते आणि आतले दिसू लागते: एमडीएफचा एकसारखा तपकिरी लगदा किंवा प्लायचे आडवे-उभे थर. गाभा कोणता घ्यावा, हा सुताराचा हिशेब इथे सत्याचा प्रश्न होतो.

कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ साली वास्तुकलेतल्या खोटेपणावर कठोर टीका केली, पण सोन्याच्या मुलाम्याला इमारतीवर माफी दिली. भिंत भरीव सोन्याची आहे, असे कुणी मानत नाही. दागिन्याबद्दल मात्र मानतात. निकष मार्मिक आहे. तरी तो पाहणाऱ्याच्या समजुतीपाशीच थांबतो, वस्तूच्या आत शिरत नाही.

पुरीचा जगन्नाथ आत शिरायला लावतो. मूर्ती कडुलिंबाची, तिच्यावर लेप आणि रंग. मूर्ती बदलण्याच्या नवकलेवर विधीत, जो शेवटचा २०१५ साली झाला, जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ नव्या मूर्तीत ठेवतात, तोही डोळे बांधून. तिथे झाकणे म्हणजे फसवणे नव्हे. गाभ्याचा मान राखणे आहे.

पाटीचा गाभा इतका पवित्र नसतो, पण पावसात त्याचीच परीक्षा होते. साधा एमडीएफ पाणी पिऊन फुगतो. उघड्यावर मरीन प्लाय किंवा भरीव साग बरा. घरातल्या पाटीसाठी मुद्दाम गडद गाभा घेता येतो. मग कोरलेल्या अक्षराला वेगळा रंग लागत नाही.