कडी आतून

आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासाला दारं नाहीत. म्हणजे होती, तुटली, मग नवी बसवली असं कागदावर आलं. कागदावरची दारं आम्ही कुणी पाहिली नाहीत. बाया अंधार पडायची वाट बघतात. एक आत जाते, दुसरी तोंडाशी चादर धरून उभी राहते. बिल मात्र निघालं. अर्ज केले, मोर्चा नेला, तेव्हा कुठं चौकशी बसली आणि चौकशीचा अहवाल महानगरपालिकेच्या सभेपुढं आला. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचताना तुम्हाला तुमचं शहर वाटलं तर तसंच समजा.

त्या दिवशी रात्रपाळी करून मी तसाच गेलो. डोक्यात कापूस, डोळ्यांत झोप. आम्ही नऊ जण होतो, त्यात चार बाया. गॅलरीचे पास नगरसेवकाच्या चिठ्ठीवर मिळतात, ती चिठ्ठी मिळवण्यातच दोन दिवसांचे खाडे झाले होते. सभा सुरू झाली. दुखवट्याचा ठराव झाला, अभिनंदनाचे ठराव झाले, एका चौकाच्या नावावरून अर्धा तास भांडण झालं. मग आमचा विषय पुकारला. अहवालाचं पहिलं पान उलटायच्या आत एक सभासद उठला आणि म्हणाला, विषय नाजूक आहे, बैठक खाजगीत घ्या. वरच्या खुर्चीवरून विचारणा झाली. हात वर गेले. गॅलरी रिकामी करा असा हुकूम झाला. सगळं मिळून एक मिनिट लागलं नसेल.

आम्हाला बाहेर काढायला जो शिपाई आला तो आपलाच होता. त्यानं आधी हळूच जयभीम घातला, मग म्हणाला, "भाऊ, माझी नोकरी हाय. जरा बाहेर थांबा." आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. आमच्यातली एक म्हातारी तिथंच व्हरांड्यात बसली. म्हणाली, "ह्यांच्या दाराला बरी कडी हाय."

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात साच्यासारखा चालू आहे. दार लावायचा हक्क कुणाचा? कुणासाठी? आणि बाहेर उभ्या असलेल्याला त्यात काही म्हणता येतं की नाही?

शाळा नववीत सुटली, त्यामुळे कायदा मला कुणी शिकवलेला नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जेवढा उतरवून घेतला तेवढा सांगतो. मुंबईला 1888 चा कायदा आहे, राज्यातल्या बाकीच्या महानगरपालिकांना 1949 चा. सभेच्या दाराविषयी दोन्हींत जवळपास एकच शब्द आहेत. प्रत्येक सभा लोकांना खुली राहील, हा नियम. त्याला अपवाद असा की हजर असलेल्या सभासदांच्या बहुमतानं ठराव केला तर एखादी चौकशी किंवा विचारविनिमय खाजगीत करता येतो. हा ठराव अध्यक्षस्थानी बसलेल्यानं स्वतःहून मांडायचा, नाहीतर कुणाही सभासदाच्या विनंतीवरून. आणि आता नीट ऐका. तो आधी चर्चा न करता मतास टाकायचा.

म्हणजे दार का लावायचं यावर बोलायचंच नाही. बोलायचं नाही हे ठरवण्यासाठीसुद्धा बोलायचं नाही. कारण सांगा असं त्या कलमात नाही, कुठले विषय खाजगी त्याची यादी नाही. विरोध करणाऱ्या सभासदाला फक्त हात खाली ठेवता येतो. 1962 साली चीनची लढाई चालू असताना लोकसभेची गुप्त बैठक घ्या अशी मागणी झाली होती. नेहरूंनी ती मानली नाही. हिमालयातल्या पराभवाची चर्चा देशानं उघड ऐकली आणि संडासाच्या दारांची चर्चा आमच्या शहरात गुप्त झाली!

मुंबईच्या त्या जुन्या कायद्यात "लोक" असा शब्द आला तेव्हा लोक कोण होते तेही बघा. मत होतं ते कर भरणाऱ्या थोडक्या लोकांना. गटार उपसणारा, मैला वाहणारा माणूस त्या हिशेबात नव्हताच. त्याच्यासाठी दार उघडं काय आणि बंद काय.

आपल्याला हे गावातनं ठाऊक आहे. चावडीवर सभा भरायची, तेव्हा निरोप फिरवणारा कोण? महार. दवंडी द्यायची महारानं, वेस राखायची महारानं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळायचं महारानं. आणि सभा बसली की महारानं लांब, उन्हात, हाकेच्या अंतरावर उभं राहायचं. आत काय ठरलं ते त्याला हुकूम म्हणूनच कळायचं. 1958 च्या कायद्यानं ते वतन गेलं. पण त्या दिवशी व्हरांड्यात त्या शिपायाकडं बघताना मला आज्याची आठवण झाली. खाकी कपडे, बिल्ला, पेन्शन, सगळं आहे. उभा राहायची जागा तीच आहे, दाराच्या बाहेर.

इथपर्यंत लिहिणं सोपं आहे. दारं फोडा म्हणून एक कविता केली की टाळ्या पडतात. मीही केली, ती वाचून दाखवली, टाळ्या घेतल्या. पण रात्री साच्यावर उभा असताना वेगळंच डोक्यात यायला लागलं. आपण भांडत होतो ते कशासाठी? दारासाठीच ना? आपल्या बायकांना आतून कडी लावता यावी म्हणूनच मोर्चा काढला. आपल्या माणसांना झोडपलं ते उघड्यावर, नागवं केलं ते उघड्यावर, चार माणसांत. उघडेपणा म्हणजे न्याय असं आपल्या जातीचा माणूस डोळे मिटून म्हणू शकत नाही.

ग्रामसभेचं घ्या. घटनेच्या 73 व्या दुरुस्तीनं ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, चांगलं झालं. सभा खुली, कुणीही यावं. आता हात वर करून मत द्यायचंय, समोर ज्याच्या शेतात उद्या मजुरीला जायचंय तो बसलाय, आणि तो हात मोजतोय. काय कामाचा तो खुलेपणा? याच्या उलट निवडणुकीतली मतदानाची खोली. तिथं आपण एकटे असतो, पाटील बाहेर असतो, पोटात एक आणि ओठात एक ठेवायची आपल्यालाही मुभा असते. गुप्त मत हे गरिबाच्या हातातलं फार मोठं हत्यार आहे. कुणी उद्या म्हणालं की पारदर्शकतेसाठी मतं उघड करा, तर मी रस्त्यावर उतरेन.

माझ्या ओळखीच्या एका सफाई कामगार बाईनं मुकादमाविरुद्ध तक्रार केली. कशाची ते तुम्ही ओळखलं असेल. चौकशी समितीनं तिला विचारलं, युनियनची माणसं बसली तर चालेल का? ती म्हणाली, नाही. दार लावा. 2013 च्या कायद्यानं अशा तक्रारीतलं नाव आणि मजकूर छापायला बंदीच आहे. आम्ही युनियनवाले बाहेर चडफडत बसलो, आपल्याच बाईनं आपल्याला बाहेर काढलं म्हणून. आज वाटतं, त्या दिवशी दार लावणारी ती एकटी बरोबर होती.

दोन्हीकडं कडी आतूनच लागली. मग फरक कुठं आहे? मी बरेच दिवस म्हणत होतो, ज्याच्याविषयी बोलणं चाललंय त्यानं मागितलं तर दार लावावं. पण हे टिकत नाही. ठेकेदारही म्हणेल, माझ्याविषयी बोलणं चाललंय, लावा दार. त्याला तर ते हवंच असतं. तेव्हा मागणी कुणाची एवढ्यावर भागत नाही. दार उघडं राहिलं तर कुणाचं काय जाईल हे बघावं लागतं. त्या बाईची अब्रू, नोकरी आणि झोप जाणार होती. ठेकेदाराचं पुढचं टेंडर जाणार होतं. ही दोन ओझी एका तराजूत घालणाऱ्याला मी माणूस म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला पुस्तकात सापडली. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी शेवटचं मोठं भाषण केलं. त्यात त्यांनी सांगितलं की सभेचं कामकाज चालवायचे नियम बौद्ध भिक्खुसंघाला माहीत होते. ठराव, गणसंख्या, मतमोजणी, सगळं. म्हणून मी विनयपिटकातला चुल्लवग्ग मिळवून वाचला, समजला तेवढा. त्यात मत घ्यायच्या तीन रीती आहेत. एक गुप्त, एक कानात सांगायची, एक उघड. म्हणजे गुप्तपणाचं त्यांना वावडं नव्हतं. पातिमोक्ख म्हणताना गृहस्थाला तिथं बसता येत नाही. तीसुद्धा बंद बैठकच.

पण त्याच चुल्लवग्गात सम्मुखाविनय म्हणून एक नियम आहे. छब्बग्गिय भिक्खूंची एक टोळी होती. हजर नसलेल्या भिक्खूंवर ते परस्पर कारवाईचे ठराव करायचे. भगवंतांनी ते बंद केलं. ज्याचा निवाडा करायचा तो समोर पाहिजे. समोर नसेल तर ते संघाचं काम होत नाही. जगाला दार लावलं तरी चालेल, पण ज्याचा निवाडा त्याला आत घ्या. हे वाचलं आणि मला त्या सभागृहाचं नेमकं पाप सापडलं. आत नगरसेवक होते, अधिकारी होते. ज्या चार बायांच्या अब्रूचा विषय होता, त्या तेवढ्या व्हरांड्यात होत्या.

कुणी म्हणेल, उघड सभेत तरी काय होतं? खरा सौदा आदल्या रात्रीच ठरतो, सभागृहात नुसती नाटकं होतात. खरं आहे. तरीही मला ते नाटक पाहिजे. कारण त्याची नोंद होते. महाडचं बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असा बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात 1923 ला झाला. महाडच्या नगरपालिकेनं 1924 ला चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं उघडलं, पाणी बंदच. मार्च 1927 ला बाबासाहेबांनी लोकांना घेऊन ते पाणी घेतलं, आणि 4 ऑगस्ट 1927 ला त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. लबाडी दोन्ही वेळा झाली, पण तारीखवार झाली. तारीख होती म्हणून बोट ठेवता आलं. पुढं सवर्णांनी कोर्टातून मनाई आणली, खटला नऊ वर्षांहून जास्त चालला, मार्च 1937 ला हायकोर्टात आपण जिंकलो.

आणि डिसेंबर 1927 च्या परिषदेत आपली माणसं कशी वागली? कलेक्टर सत्याग्रह करू नका हे सांगायला आला होता. त्याला मंडपात बोलू दिलं. हजारो माणसांपुढं विरुद्ध बाजूचा माणूस उभा राहून बोलला, लोकांनी ऐकलं, मग सत्याग्रह तहकूब ठेवायचा प्रश्नही लोकांपुढंच आला. तळ्याच्या पाण्याला तहानलेली माणसं होती ती.

हल्ली याहून सोपी तऱ्हा निघाली आहे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक बसला आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ सभागृह भरलंच नाही. दार लावायला ठरावसुद्धा लागला नाही. सभाच नाही तर दार कसलं? देशातल्या सगळ्यात श्रीमंत महानगरपालिकेचा कारभार एका केबिनीतून चालला, आणि त्यासाठी कुठं दगड पडल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्या त्या ठरावाला कुणाकुणाचे हात वर गेले, आत काय ठरलं, याची नक्कल मागणारा माहितीच्या अधिकारातला अर्ज मी टाकला. तीस दिवस गेले. अपील केलंय. ते चालू राहील.

पण हे सगळं लिहायला मी बसलो ते दुसऱ्याच कारणानं, आणि ते लिहिल्याशिवाय उठलो तर वरचं सगळं खोटं पडेल. आमच्या मंडळात जयंतीच्या वर्गणीचा हिशेब जुळेना. कार्यकारिणीची बैठक विहारात झाली. कुणी म्हणालं, बाहेर गेलं तर समाजाची बदनामी होईल, दार लावा. लावलं. हिशेब ठेवणारा पोरगा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होता. त्याला निरोपही गेला नव्हता. अर्ध्या तासात तो चोर ठरला. हात वर करा म्हणाले. माझाही गेला. बाहेर वर्गणी देणाऱ्या बाया पायरीवर बसल्या होत्या. त्यांना आम्ही सांगितलं, काही नाही, किरकोळ विषय होता.

दोन महिन्यांनी पावतीपुस्तक दुसऱ्याच कुणाच्या तरी पेटीत निघालं. पोरानं तोवर मंडळ सोडलं होतं. मी त्याच्या घरी गेलो तर तो भेटला नाही, आईनं पाणी दिलं आणि ती काही बोलली नाही.

येत्या रविवारच्या बैठकीत तो विषय परत घ्या असं मी लिहून दिलंय. दार उघडं ठेवा, वर्गणी देणाऱ्यांना बसू द्या, असंही लिहिलंय. पोरगा म्हणाला की मला लोकांपुढं नको, तर लोकांना बाहेर बसवू, पण तो आत पाहिजे. दोन जणांनी आत्ताच मला फितूर म्हटलंय. त्याला बोलावण्याचं पत्र मीच घेऊन जाणार आहे. या आठवड्यात त्याची पहिली पाळी आहे, म्हणजे संध्याकाळी घरी असेल.