अभय आणि मुंबईची सहल

सुट्टीत मुलांना मुंबई दाखवायची म्हटलं की बऱ्याच घरांत आधी 26/11 आठवतं. ती भीती खोटी नाही. 2008च्या त्या हल्ल्यात 166 जीव गेले, आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळ्या लागल्या त्या गाडीची वाट पाहणाऱ्या साध्या प्रवाशांना. पण भीती खरी असली म्हणजे तिचं माप खरं असतंच असं नाही. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,000हून अधिक माणसं दगावली. तरी लग्नासाठी रात्रीची गाडी काढताना आपण असा विचार करत बसत नाही.

स्वतःचा जीव पणाला लावणं वेगळं, लेकरांचा लावणं वेगळं, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मात्र त्यांना घरी ठेवणं हाही त्यांच्या वतीनं घेतलेलाच निर्णय आहे. अनोळखी गर्दी म्हणजे संकट, हे त्यातून ती शिकतात, आणि ती शिकवण आयुष्यभर पुरते. याउलट गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते. ज्ञानही लगेच मागोमाग येतं. म्हणून बेफिकिरीला अभय म्हणता येणार नाही. धाकट्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी, लोकल दुपारच्या कमी गर्दीत पकडावी, दारात उभं राहू नये. अतिवृष्टीचा रेड अलर्ट असेल तर तिकिटं बिनदिक्कत रद्द करावीत. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला होता.