करणारा वर, भोगणारा खाली

आळंदीत इंद्रायणीच्या घाटावर उतरल्यावर ओंजळभर पाणी तोंडाला लावायचं की नाही, हा प्रश्न आमच्या दिंडीतल्या बायकांना हल्ली दरवर्षी पडतो. माझ्या सासूबाईंना तो कधी पडला नाही. तीर्थाला विटाळ लागत नाही, असं म्हणून त्या पाण्यावरचा फेस हातानं बाजूला सारायच्या आणि आचमन घ्यायच्या. मी पाणी डोळ्यांना लावते, तोंडाला लावत नाही. एका कीर्तनकार महाराजांनी याला अश्रद्धा म्हटलं. मला ते मान्य नाही.

माझं माहेर मावळात, कुरवंड्याच्या डोंगराकडे. इंद्रायणी तिथे उगम पावते. सासर तुळापूरच्या बाजूला, तिथे ती भीमेला मिळते. उगम आणि संगम दोन्ही माझ्या घरचे. मधलं अंतर शंभरेक किलोमीटरचं. माहेरी इंद्रायणी भात होतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात 1987 साली तयार झालेलं ते वाण, नाव नदीचंच. तिथल्या ओढ्यात अजून तळाचा खेकडा वरून दिसतो. सासरी उन्हाळ्यात त्याच नदीवर काळपट साय धरते. मधल्या वाटेवर गावांची गटारं, सोसायट्यांचं सांडपाणी, कारखान्यांचं रसायन तिच्यात उतरतं. साबणाचं पाणी बंधाऱ्यावरून कोसळताना घुसळतं आणि त्याचा तो पांढरा फेस होतो.

सासूबाईंच्या बोलण्यातलं अर्धं मी मानते. नदीचं देवपण आपल्या घाणीनं जात नाही. पण देव मळत नाही म्हणून त्याची सेवा कुणी बंद केली आहे का? पंढरीत विठोबाला रोज स्नान घालतातच ना? आणि पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, हे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही सांगितलेलं आहे. घाण करून वर तीर्थ शुद्धच आहे म्हणणं, ही श्रद्धा नव्हे.

खरी अडचण पुढे आहे. ज्याचं कर्म त्यानं भोगावं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. नदीच्या बाबतीत करणारा वर असतो आणि भोगणारा खाली. शिवाय करणारा एक नसतोच. लाखो घरांतून थोडं थोडं येतं आणि पाप कुणाच्याच नावावर चढत नाही. प्रत्येकाला वाटतं, माझ्या एका बादलीनं काय होतंय. एकेकट्यानं शुद्ध राहायचं, एवढंच ज्या धर्माला सांगता येतं, त्याच्याकडे या पापाचं प्रायश्चित्त नाही. देहूच्या डोहातल्या महाशीर माशांचंच घ्या. देवाचे म्हणून त्यांना कुणी धरत नसे. धर्मानं त्यांना जाळ्यापासून वाचवलं. वरून येणाऱ्या पाण्यापासून वाचवायला तो नेम पुरला नाही.

एकनाथांनी कावडीतलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. रामेश्वरासाठी नेलेलं ते पाणी त्या घशातून रामेश्वराला पोचलं. आमच्या इंद्रायणीचं पाणी तर खरोखरच वारी करतं. तुळापुराहून भीमेत, तिथून उजनीच्या धरणात, आणि पुढे पंढरपुरात तेच चंद्रभागा होतं. आम्ही पालखीबरोबर सडकेनं जातो, आम्ही सोडलेलं सांडपाणी नदीनं जातं, आणि दोघंही एकाच पायरीशी पोचतो. उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. त्या घशाचं काय?

यावर आपल्याकडे उत्तर नाही असं नाही. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामावर समाजआरती होते. दिंड्या गोलात उभ्या राहतात, टाळमृदंग टिपेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. पण ज्या दिंडीवर अन्याय झालाय ती टाळ थांबवत नाही. मग चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो, आणि त्यानंतरच आरती. एका दिंडीची तक्रार उरली तर सगळा सोहळा खोळंबतो. मला हे फार मोठं तत्त्वज्ञान वाटतं. पुण्य सगळ्यांचं मिळून असेल तर गाऱ्हाणंही सगळ्यांनी मिळून ऐकायचं.

नदीकाठच्या गावांना गाऱ्हाणं मांडायची अशी जागाच नाही. माहेरच्या भजनी मंडळानं बचत गटाला हाताशी धरून गावठाणात शोषखड्डे घेतले. खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, वर वाळू, मधोमध भोकं पाडलेलं मडकं. न्हाणीचं पाणी आता तिथेच जिरतं. चांगलं काम आहे. पण डोंगर सपाट करून बंगल्यांचे प्लॉट पाडले की पहिल्याच पावसात मुरूम ओढ्यात येतो, त्याला भजनी मंडळ काय करणार? कारखान्याच्या रात्री सोडलेल्या पाण्याला काय करणार? त्यासाठी सगळे एका गोलात उभे राहायला हवेत.

कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत आम्ही सगळे येतोच. त्याच वेळी घाटावर बैठक भरवावी, असं मी आमच्या फडावर मांडलं आहे. कुरवंड्यापासून तुळापूरपर्यंतच्या ग्रामपंचायती, पालिकांचे अधिकारी, कारखानदार, आणि नदीवर मासे धरणारे कातकरी, कारण पाणी बिघडलं की सगळ्यात आधी त्यांना कळतं. ज्याचं गाऱ्हाणं त्यानं टाळ वाजवत राहावं. आमच्याही खाली पंढरपूर आहे, सोलापूर आहे. तेव्हा आमच्या गावाची गटारं कुठे जाऊन मिळतात, हे त्या बैठकीत पहिल्यांदा आम्हीच सांगणार आहोत.