मधला चिंचोका

कंटाळा व्यक्त करायला माणसाला फार शब्द लागत नाहीत. "पुन्हा तेच!" एवढे दोन पुरतात. सकाळी पोह्यांची ताटली पाहून, दुपारी साहेबांचा चेहरा पाहून आणि रात्री पाहुण्यांनी आपल्या ऑपरेशनची गोष्ट सुरू केली की आपण मनातल्या मनात हेच दोन शब्द म्हणतो. गंमत अशी, की म्हणणाराही पुन्हा तेच म्हणत असतो!

पण प्रश्न खरा आहे. जे रोज तसंच घडतं त्याला जगणं म्हणायचं, की नुसतं चालू असणं?

या प्रश्नाकडे मला ढकललं ते आमच्या पुतण्याने. आमच्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहत आहे. २०२३ साली केंद्राने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले, आणि तेव्हापासून गावातली कॉलेजात जाणारी पोरं एकदम शास्त्रज्ञ झाली आहेत. एका रविवारी या शास्त्रज्ञाने ओसरीवर खडूने चौकटी आखल्या आणि मूठभर चिंचोके मागितले.

"काका, या खेळाला लाइफ म्हणतात."

"असेल. आम्ही तो साठ वर्षं चिंचोक्यांशिवाय खेळतोय," मी म्हटलं.

खेळ जॉन कॉन्वे या इंग्रज गणितज्ञाचा. मार्टिन गार्डनर यांनी ऑक्टोबर १९७० च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये तो जगापुढे मांडला. एकदा चिंचोके मांडले की खेळाडूचं काम संपलं. पुढे नियमच खेळतात. प्रत्येक घराला आठ शेजारघरं. दोन किंवा तीन शेजारी असलेला चिंचोका जगतो. कमी असले तर एकटेपणाने जातो, जास्त झाले तर गर्दीने. आणि रिकाम्या घराला बरोबर तीन शेजारी लाभले, तर तिथे नवा चिंचोका जन्माला येतो. चाळीत राहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

पुतण्याने तीन चिंचोके आडव्या ओळीत मांडले. टोकाच्या दोघांना एकेकच शेजारी, म्हणून ते गेले. मधल्याच्या वर आणि खाली दोन नवे जन्मले. आडवी ओळ उभी झाली. पुढच्या फेरीत पुन्हा आडवी. मग उभी. हे असंच अनंतकाळ! याचं नाव ब्लिंकर, आणि ठरावीक फेऱ्यांनी मूळ रूपावर येणाऱ्या अशा प्रत्येक आकृतीला म्हणायचं दोलक. दहा चिंचोके ओळीत मांडले तर त्यांतून पंधरा फेऱ्यांचा दोलक तयार होतो. एकोणीस आणि एकेचाळीस फेऱ्यांचे दोलक मात्र पन्नासहून अधिक वर्षं कुणाला सापडत नव्हते. २०२३ मध्ये तेही सापडले, आणि म्हणाल तितक्या फेऱ्यांचा दोलक या खेळात असतोच, हे सिद्ध झालं. म्हणजे हुशार माणसांनी अर्धं शतक "पुन्हा तेच" शोधण्यात घालवलं!

मला स्फुरण चढलं. "बघ," मी म्हटलं, "आकृती तीच, चिंचोके नवे. नागनाथाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या तीच, हात मात्र बदलत गेले. तेच ते म्हणजे मेलेपण नव्हे. त्यातही जन्म-मरण चालूच असतं."

आमच्या सौभाग्यवती तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, पण तो मधला? तो कधी हलतो?"

पुतण्याने मधला उचलून पाहिला. टोकाच्या दोघांना शेजारीच उरला नाही. पुढच्या फेरीत ओसरी रिकामी.

तेव्हापासून मला जगरहाटीविषयी बोलणाऱ्यांची शंका येते. सगळ्यांची ये-जा चालते ती जागचा न हलणाऱ्या एकाच्या जिवावर. "पुन्हा तेच" म्हणायची चैन ये-जा करणाऱ्यांना परवडते. मधल्याच्या वाट्याला 'पुन्हा'सुद्धा येत नाही, नुसतं 'तेच'! ती जागा रिकामी ठेवून चालणार नाही, हे मान्य. पण तिथे कायम तोच चिंचोका हवा, असं कॉन्वेसाहेबांनी कुठेही लिहिलेलं नाही. ते कलम आपण घरी घातलं.

आणि घरचे नियम बदलता येतात. नामदेव महाराजांना पुजाऱ्यांनी देवळामागे जाऊन कीर्तन करायला सांगितलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं आणि नंदी मागे राहिला, असं आमच्या गावात सांगतात. अख्ख्या दगडी देवळाला जे जमलं, ते आपल्याला दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत जमायला हरकत नसावी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की अधूनमधून मधला चिंचोका उठवून त्या जागी आपण बसावं. पोहे करपतील. पण निदान त्या दिवशी ताटली पाहून "पुन्हा तेच" असं कुणी म्हणणार नाही.