निर्णय एकाचा, किंमत दुसऱ्याची

कायद्याच्या लेखी माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. १८७५ च्या कायद्याने हे वय ठरवलं आणि ६१ व्या घटनादुरुस्तीनंतर १९८९ पासून मतदानाचं वयही २१ वरून १८ वर आलं. पण मुलाच्या लग्नाला २१ वर्षं लागतात आणि लोकसभेला उभं राहायला २५. कायद्यालाच एक रेघ मारता येत नाही, तर घराला कुठून येणार? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली १८ ते २५ हा स्वतंत्र टप्पा मानावा, असं मांडलं. मूलपण संपलेलं, मोठेपण आलेलं नाही, असा हा काळ. त्यांनी तरुणांना मोठं होणं म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा लग्न किंवा पदवी ही उत्तरं मागे पडली. स्वतःची जबाबदारी घेणं, स्वतःचे निर्णय घेणं आणि पैशाने स्वतःच्या पायावर उभं राहणं, ही तीन उत्तरं पुढे आली. माझं म्हणणं असं की, या तीन गोष्टी सुट्या मिळून भागत नाही. ज्याने निर्णय घेतला त्यालाच त्याची किंमत मोजावी लागते, तेव्हाच मन प्रौढ होतं.

पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणारे स्पर्धा परीक्षेचे उमेदवार पाहा. राज्यसेवा परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. म्हणजे पूर्व, मुख्य, मुलाखत आणि पुन्हा पूर्व या चक्रात ऐन तारुण्य सहज निघून जातं. कुणी म्हणेल, परीक्षा द्यायचं तर त्यांनीच ठरवलं ना? ठरवलं, हे खरं. पण खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि टेस्ट सिरीजची फी बहुतेकदा गावाकडून येते आणि जाहिरात कधी निघणार हे लोकसेवा आयोगाच्या हाती असतं. निर्णय यांचा, किंमत घराची, वेळापत्रक तिसऱ्याचंच. अशा माणसाला आळशी ठरवणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही.

याच्या नेमकं उलट चित्र ऊसतोडीच्या फडात दिसतं. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यामागे. म्हणून बीडसारख्या जिल्ह्यात मुलीचं लग्न शाळेच्या वयातच उरकलं जातं. आर्नेट यांच्यावर टीका झाली ती याच मुद्द्यावर: हा टप्पा परवडणाऱ्यांचा आहे. टीका रास्त आहे. पण ‘आमच्या वेळी विसाव्या वर्षी संसार करत होतो’ म्हणणाऱ्यांना तिचा आधार घेता येणार नाही. त्या मुलीच्या डोक्यावर संसार आहे, मूल आहे, कर्ज आहे. यातलं काहीच तिने ठरवलेलं नाही. ओझं लवकर आलं म्हणजे प्रौढपण लवकर आलं, हा हिशेब चुकीचा आहे. (आमच्या वेळचे ते संसारही बव्हंशी थोरल्यांच्या हुकमावर चालत.)

गंभीर आक्षेप आहे तो मेंदूचा. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो; मग निर्णय सोपवायचे कशाच्या भरवशावर? मात्र मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगांत वेगळा तपशील सापडतो. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात किशोरवयीन मुलं मित्र सोबत असताना जास्त धोका पत्करतात. शांतपणे, सल्ला घेऊन विचार करायला मिळाला, तर सोळाव्या वर्षीचा विचार मोठ्यांच्या बराच जवळ जातो. म्हणजे मध्यरात्री मित्रांना मागे बसवून गाडी हाणणं वेगळं आणि महिनाभर विचार करून शाखा निवडणं वेगळं. शिवाय मेंदू अनुभवानेही घडतो. पंचविशीपर्यंत सगळं आईवडिलांनी ठरवून दिलं, तर सव्विसाव्या वर्षी तो आपोआप शहाणा होईल, असं हे शास्त्र कुठेही सांगत नाही.

तेव्हा पालकांना विनंती एवढीच: अठराव्या वर्षी मुलाला गाडी घेऊन देण्याआधी घरावर कर्ज किती आहे ते दाखवा. मुलीला परगावच्या नोकरीचं तिचं तिला ठरवू द्या. आणि निर्णय फसला, तर दुसऱ्या दिवशी निस्तरायला धावू नका.