शिकार कुठून सुरू होते?

नालासोपाऱ्याजवळच्या भातेला तळ्यापाशी १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना एका कोरीव शिळेचा तुकडा सापडला. अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा तो अवशेष. तुकड्यावर अक्षरे थोडीच उरली आहेत, पण गिरनारला हाच लेख वाचता येतो आणि त्याचा विषय आहे राजाचा प्रवास. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, त्यात मृगया आणि तसल्याच करमणुकी असत, असे अशोक सांगतो. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो स्वतः संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि धर्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना सोन्याचे दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धर्माची बोलणी असा त्या यात्रांचा कार्यक्रम होता.

प्राणी मारू नयेत, हे अशोकाने दुसरीकडे सांगितले आहे. या लेखात त्याने हात घातला तो थेट प्रवासाला.

त्याला कारण होते. मौर्य राजाची शिकार म्हणजे उठून रानात जाणे आणि सावज टिपून परतणे नव्हे. मेगास्थेनिसचा वृत्तांत स्ट्रेबोने जपून ठेवला आहे. राजा शिकारीला निघाला की भोवती स्त्रियांचा पहारा, पुढे ढोल आणि घंटा वाजवणारे, वाटेच्या दोन्ही कडांना दोर. दोर ओलांडून आत येणाऱ्याला मृत्यू. कौटिल्य ही तयारी आणखी मागे नेतो. चालत्या लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव व्हावा म्हणून राजाने रानात जावे, मात्र त्याआधी पारध्यांनी आणि कुत्री बाळगणाऱ्यांनी ते रान चोर, श्वापदे आणि शत्रू यांच्यापासून निर्धोक करून ठेवलेले असावे. राजाच्या विहारासाठी राखलेल्या मृगवनाला भोवती खंदक आणि आत जायला एकच दार. आतली हरणे माणसाळलेली आणि हिंस्र जनावरांची नखे-दात आधीच मोडलेले.

बाण शेवटी राजाचाच. पण ज्याने दात मोडले तो या हत्येत कुठे बसतो? रान निर्धोक करणारा, दोर बांधणारा, ढोल वाजवणारा? आणि ज्या रात्री राजाने निघायचे ठरवले, त्या रात्री काही घडले होते की नव्हते? शिकार वाईट की बरी, हा वाद सोपा आहे. आपल्याकडच्या शास्त्रकारांनी खरी बुद्धी खर्च केली ती शिकार कुठून सुरू होते, या प्रश्नावर.

जैनांचे उत्तर सर्वांत कडक आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कर्म आत येण्याच्या वाटा मोजताना तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. करायचे मनाशी ठरवले तो संरंभ, साधने जमवली तो समारंभ, प्रत्यक्ष हात घातला तो आरंभ. या तिन्ही गोष्टी मनाने, वाणीने किंवा कायेने होतात. त्या स्वतः केलेल्या, दुसऱ्याकडून करवलेल्या किंवा दुसरा करतो त्याला मान डोलावलेल्या असतात, आणि मागे क्रोध, मान, माया, लोभ यांपैकी काहीतरी असते. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे १०८ प्रकार. शिकारीचा बेत आखणारा, घोडे आणि जाळी गोळा करणारा, ‘जा, जा, आता रान चांगले आहे’ म्हणणारा शेजारी, प्रत्येकाला या तक्त्यात जागा आहे. प्राणी मरणे ही त्यातली फक्त शेवटची पायरी. पहिल्या दोन घराच्या ओसरीवरच पार पडतात.

बौद्ध आचार्य वसुबंधू यांनी अभिधर्मकोशात रेषा वेगळ्या जागी ओढली. त्यांचे उदाहरण खाटकाचे आहे. तो अंथरुणातून उठतो, पैसे घेतो, बाजारात जातो, जनावर चाचपून पाहतो, विकत घेऊन घरी आणतो, हत्यार उचलतो, घाव घालतो. हे सगळे ‘प्रयोग’, म्हणजे पूर्वतयारी. ज्या घावाने जीव जातो तेवढेच मूळ कर्म. कातडे सोलणे, मांस विकणे हे त्याचे शेपूट. तयारीला दोष आहेच, पण हत्येचे पूर्ण कर्म प्राण गेल्याशिवाय सिद्ध होत नाही.

मग दहा जण मिळून रानात गेले आणि बाण एकाचाच लागला तर? युद्ध, मृगया आणि दरोडा ही तीन उदाहरणे घेऊन वसुबंधू म्हणतात की हेतू एक असेल तर सगळेच मारणाऱ्याइतके मारणारे. जबरदस्तीने नेलेला माणूसही सुटत नाही. अपवाद एकच: ‘माझा जीव गेला तरी मी प्राणी मारणार नाही’ असा निश्चय करून जो निघाला असेल तो. राजांच्या शिकारीत रान उठवायला वेठीवर धरून आणलेल्या गावकऱ्यांकडून ही अपेक्षा फार मोठी होती. त्यांच्या पोटापाण्याचा विचार या तर्कात कुठेच दिसत नाही.

हेतूलाच सारे वजन द्यावे का, यावर दोन्ही पंथांचे जुने भांडण आहे. सूत्रकृतांग या जैन आगमात आर्द्रक मुनींपुढे एक बौद्ध आपले मत मांडतो: माणूस समजून पेंडीच्या गोळ्यात भाला खुपसला तर हत्येचे पाप, पण भोपळा समजून मूल भाजले तर नाही. आर्द्रक हे उडवून लावतात. समोर काय आहे ते न बघता भाला चालवणे हाच त्यांच्या लेखी दोष. जैनांना मनाचा संकल्प हवा आणि हाताची सावधगिरीही हवी.

या दोन मोजपट्ट्यांची खरी परीक्षा १५७८ साली झेलमकाठच्या भेरा इथे झाली. अकबराची कमरघा शिकार चालू होती. हाकेकऱ्यांनी दूरवरून जनावरे हाकत आणायची, माणसांचे कडे आवळत न्यायचे आणि मग बादशहाने आत शिरायचे, अशी ही पद्धत. १५६७ साली लाहोरजवळ असे कडे आवळायला महिना लागला होता. भेऱ्यालाही कडे मिटत आले होते, आणि अकबराने अचानक शिकार थांबवून जनावरे सोडून द्यायला सांगितले. त्या क्षणी त्याला काहीतरी विलक्षण अनुभव आला, असे दरबारी इतिहासकार लिहितात. वसुबंधूंच्या हिशेबाने तिथे हत्या झालीच नाही. उमास्वातींच्या हिशेबाने ठरवणे आणि जमवणे हे दोन्ही रकाने भरून गेले होते. मात्र शिकारीइतकी लांबलचक तयारी दुसऱ्या कुठल्या हत्येला क्वचितच लागते, आणि परत फिरायच्या जागाही तितक्याच मिळतात. अकबराने त्यातली शेवटची पकडली.

त्याच्या मुलाने हिशेब लिहूनच ठेवला. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरे मारली गेली, त्यांतली १७,१६७ आपल्या हातची, असे जहांगीर आत्मचरित्रात नोंदवतो. केलेले आणि करवलेले असे दोन आकडे बादशहाने आपणहून वेगळे काढले आहेत.

तयारीची दुसरी बाजूही आहे. महाभारतात किंदम ऋषी हरणाच्या रूपात समागमात असताना पंडूने त्यांना बाण मारला. मृगया हा राजधर्मच आहे, असे सांगताना पंडू अगस्त्यांचा दाखला देतो: सत्राला बसलेल्या अगस्त्यांनी रानातले मृग देवांसाठी प्रोक्षण करून मारले होते. किंदम मारण्याला दोष देत नाहीत, वेळेला देतात. म्हणजे नियम पाळून निघालेला शिकारी वेगळा, असे दोघांनाही मान्य आहे. झारखंडच्या दलमा डोंगरात संथाळ आणि शेजारचे आदिवासी उन्हाळ्यात सामूहिक शिकारीला, सेंदऱ्याला, निघतात. बोलावणे करतो तो दिहरी. तो शिकारीचा पुरोहित असतो आणि त्याच्या पूजेवाचून कोणी रानात पाऊल टाकत नाही. रानातल्या मुक्कामी जुन्या रिवाजाने जमातीची न्यायसभाही बसते आणि गावात न मिटलेले तंटे तिथे येतात. इथे तयारी हाच धर्म आहे. दलमा आता अभयारण्य असल्याने वनखाते आणि सेंदरा यांची गाठ पडत राहते.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपली रेषा आखली आहे. त्याच्या व्याख्येत मारणे, पकडणे, फास लावणे यांबरोबर त्याचा प्रयत्न आणि त्यासाठी जनावर हाकणेही शिकारच आहे. चिथावणी किंवा मदत करणाराही गुन्हेगार ठरतो. कोकणात रानडुकराच्या पारधीला ‘मी नुसता हाकाऱ्याला होतो’ असे म्हणणाऱ्याची त्यामुळे सुटका होत नाही. सामील होणाऱ्यांच्या बाबतीत कायदा वसुबंधूंच्या जोडीने चालतो, नुसत्या प्रयत्नाच्या बाबतीत त्यांच्याही पुढे जातो. मनातल्या संकल्पाला मात्र तो हात लावत नाही.

समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात गृहस्थाने टाळायच्या निरर्थक दोषांची यादी आहे. त्यात हत्यार उसने देणे येते, तसेच मन गढूळ करणाऱ्या गोष्टी ऐकणेही येते. जिम कॉर्बेटची मराठी भाषांतरे पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना हा नियम अडचणीचा ठरेल. ते म्हणतील, कॉर्बेट नरभक्षकांच्या मागे होता, माणसे वाचवत होता, आणि स्वसंरक्षणार्थ होणारी हिंसा जैनही गृहस्थापुरती वेगळी धरतात. हा बचाव चांगला आहे. पण मचाणावरची रात्र, बांधलेला बोदा आणि भरलेली रायफल इथवर आल्यावर वाचक नेमका कशाची वाट बघत असतो, हे समंतभद्र विचारणारच.