पानगळ

माउली, फाल्गुनात खारघरच्या डोंगराकडे पाहा. साग ओकाबोका, पांगारा नि काटेसावर निष्पर्ण, अंगावर फक्त लाल फुले. पायथ्याचा आंबा मात्र हिरवागार. आपण सहज म्हणतो, तो सुकला, हा टिकला.

पण पानझडी झाड पाने टाकते ते पाणी राखण्यासाठी. पानांवाटे ओल उडून जाते, आणि जमीन कोरडी असताना तेवढा खर्च झाडाला परवडत नाही. सदाहरित आंब्याखाली रोज झाडू मारणाऱ्या बाईला विचारा, पाने त्याचीही गळतात. फक्त एकदम नाही. हिमालयातल्या सूचिपर्णी देवदाराची तऱ्हा तिसरीच. त्याचे पान सुईएवढे बारीक, वर मेणाचा थर, म्हणून ते थंडीतही तगते.

हे सांगतो, कारण नेरुळच्या आमच्या भजनात एक गृहस्थ पखवाज वाजवत. पत्नी गेली आणि ते येईनासे झाले. त्या आषाढीला वारीही चुकली. "त्यांची भक्ती आटली," असे चार माणसांत मीच बोललो. घरी जाऊन विचारपूस मात्र केली नाही.

आळंदीला समाधीपाशी अजानवृक्ष आहे. तोही पानझडीच. त्याचे गळलेले पान आपण उचलून कपाळी लावतो!

दीड वर्षाने ते गृहस्थ आले. पखवाजाला कणीक लावली, थाप देऊन पाहिली आणि हरिपाठाला बसले. मी शेजारी टाळ घेऊन होतो. माझे ते बोलणे त्यांच्या कानी गेले होते का, हे विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.